साचलेलं लोह आणि मुंबईची गोळी

अमरावतीच्या राजापेठेतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये लोहाच्या गोळ्या मागितल्या की लगेच मिळतात. वऱ्हाडात त्यांची गरजही मोठी आहे. थकवा आला, हिमोग्लोबिन कमी निघालं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिलं नाव त्यांचंच. पण थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलासाठी हीच गोळी घातक ठरते. त्याचंही हिमोग्लोबिन कमीच असतं, मात्र लोहाअभावी नव्हे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकातच दोष असतो. रक्त चढवत राहणं हा त्याच्या जगण्याचा आधार, आणि त्याच रक्तातून लोह अंगात साचत जातं. सिंधी, लोहाणा, कच्छी आणि पंजाबी समाजांत या दोषाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आढळतं. फाळणीनंतर अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आणि अकोल्याच्या सिंधी कॅम्पात येऊन वसलेल्या कुटुंबांचा या आजाराशी म्हणूनच जवळून संबंध येतो. बाकीच्या जातीजमातींना तो होत नाही, असं मात्र कुणी समजू नये.

लोहाच्या बाबतीत आपलं शरीर चिबडलेल्या शेतासारखं आहे: पाणी यायला वाट आहे, निघायला चर नाही. रोज अन्नातून एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषलं जातं आणि झडणाऱ्या पेशींबरोबर तेवढंच बाहेर जातं. जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची कुठलीच सोय शरीराकडे नाही. आता रक्ताच्या एका पिशवीचा हिशेब करा. तिच्यात २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. वर्षाला वीस पिशव्या चढवल्या तर चार ते पाच ग्रॅम लोह अंगात जातं, आणि निरोगी प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात ते असतं तीन ते चार ग्रॅम. लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाची क्षमता संपली की मोकळं लोह हृदय, यकृत, स्वादुपिंड आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत शिरतं आणि तिथल्या पेशी जाळत राहतं. मुलाची उंची खुंटते, वयात येणं लांबतं, मधुमेह जडतो. जीव जातो तो बहुतेकदा हृदय थकल्यामुळे.

लोह धरून बाहेर काढणारं पहिलं यशस्वी औषध मातीतून आलं. पहिल्या पावसात काळ्या मातीला जो वास सुटतो तो स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंची करणी. याच कुळातल्या स्ट्रेप्टोमायसिस पिलोससपासून १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डेफेरॉक्सामिन हाती आलं. संशोधक खरं तर प्रतिजैविकं शोधत होते. मातीतलं तुटपुंजं लोह पकडण्यासाठी जिवाणू जो रेणू बनवतो, तोच माणसाच्या अंगातलं जास्तीचं लोह सहा बाजूंनी धरतो आणि लघवी व शौचावाटे बाहेर नेतो. औषध उत्तम, पण ते तोंडाने घेऊन चालत नाही आणि रक्तात जेमतेम अर्धा तास टिकतं. म्हणून पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून, छोट्या पंपाने रोज रात्री आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री ते द्यावं लागे. पंप महाग, औषध त्याहून महाग. भारतातल्या बहुतेक घरांच्या आवाक्यात हे नव्हतं. ज्यांना परवडत होतं त्यांची मुलंही कळती झाली की सुईला नकार द्यायची. त्यांना दोष कसा द्यावा?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात जॉर्ज कॉन्टोघिओर्गेस आणि रॉबर्ट हायडर यांच्या संशोधनातून तोंडाने घ्यायचा एक छोटा रेणू तयार झाला. प्रयोगशाळेत त्याचं नाव एल-वन, पुढे डेफेरिप्रोन. लोहाचा एक अणू पकडायला त्याचे तीन रेणू लागतात. लंडनमध्ये १९८७ मध्ये तो पहिल्यांदा रुग्णांना दिला गेला. त्यानंतर मुंबईत डॉ. एम. बी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांवर चाचण्या घेतल्या आणि १९९२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९४-९५ मध्ये सिप्लाने ही गोळी केल्फर या नावाने बाजारात आणली. जगात हे औषध सगळ्यात आधी विक्रीला आलं ते भारतात. युरोपने परवानगी दिली १९९९ मध्ये, अमेरिकेने २०११ मध्ये.

आपण घाई केली, अशी टीका तेव्हा झाली. ती अगदीच निराधार नव्हती. गोळीमुळे सांधे दुखतात, आणि शंभरातल्या एखाद्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. टोरोंटोत या गोळीची चाचणी घेणाऱ्या डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना १९९६ मध्ये या औषधाबद्दल शंका आली, तेव्हा चाचणीला पैसा देणाऱ्या अपोटेक्स कंपनीने ती बंद केली आणि रुग्णांना सांगाल तर कायदेशीर कारवाई करू, असा इशारा त्यांना दिला. गोळीने यकृत बिघडतं, ही त्यांची भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. तरीही रुग्णाला धोका सांगायलाच हवा, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. मुंबईचा निर्णयही मला योग्य वाटतो. इथल्या मुलांपुढे पंप आणि गोळी अशी निवड नव्हतीच. गोळी, नाहीतर काहीच नाही, एवढंच होतं.

पुढे या गोळीचा एक मोठा गुण दिसला. रेणू लहान असल्याने तो हृदयाच्या पेशीत सहज शिरतो. लंडनच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एमआरआयने हृदयातलं लोह मोजण्याची टी-टू-स्टार पद्धत मांडली. तिच्यात आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह साचलंय, १० च्या खाली गेला की धोका जवळ आहे. या मोजमापात डेफेरिप्रोनने हृदयातलं लोह डेफेरॉक्सामिनपेक्षा चांगलं उतरवल्याचं २००६ च्या चाचणीत दिसलं. आता दिवसातून एकदाच घ्यायचं डेफेरासिरॉक्सही आहे. अमेरिकेत ते २००५ मध्ये मंजूर झालं. ते घेताना मूत्रपिंड आणि यकृतावर नजर ठेवावी लागते. गरज पडली तर डॉक्टर दोन औषधं जोडून देतात.

लोह काढणं सगळ्यांनाच हिताचं असतं असं नाही. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या काही भागांत लोह वाढतं, म्हणून डेफेरिप्रोन देऊन पाहिलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३७२ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांची लक्षणं उलट बळावली. उलट बाजूने, थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे नुसत्या वाहक, बाईचं हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. लोहाची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी तिचं हिमोग्लोबिन वाढत नाही. तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ए-टू मोजलं तर खरं कारण कळतं. नवराही वाहक निघाला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक असते.

गोळीमुळे उपचार घरात आले, पण तपासणी घरात आलेली नाही. डेफेरिप्रोन घेणाऱ्या मुलाला ताप आला की गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. दर्यापूर किंवा धारणीच्या मुलासाठी ती सोय तालुक्यातच हवी, आणि ताप रविवारी आला तरी ती उघडी हवी.