अकोटहून पुण्याला, ताज्या बिअरच्या शोधात

२००९ पूर्वी वऱ्हाडातल्या अकोटचा माणूस पुण्या-मुंबईत संध्याकाळी बिअर प्यायला बसला, तर टेबलावर यायची ती गावच्या परमिट रूममधलीच बाटली. तेच दोन-चार ब्रँड आणि वेटरचा तोच प्रश्न: माइल्ड का स्ट्रॉंग? शहर कितीही मोठं असलं तरी निवड तेवढीच.

याची मुळं कायद्यात होती. वऱ्हाड ज्या प्रांतात होता, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ मध्येच दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्याचा १९४९ मध्ये आला. आजही महाराष्ट्रात दारू विकायचे परवाने मिळतात ते याच १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. एवढ्या कागदपत्रांत हॉटेलातच बिअर तयार करून तिथेच विकण्याची कल्पना शिरायला बराच काळ गेला.

ती शिरली पुण्यात. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी २००९ मध्ये कोरिंथियन्स हॉटेलात ‘डूलाली’ सुरू केली. राज्यातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. बिअर बनवायला ऑलिव्हर शाउफ हे जर्मन तज्ज्ञ होते, त्यामुळे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवायझन, पुणेकरांच्या ग्लासात आली. रंगाने गढूळ, फेस दाट, कडवटपणा बेताचा. पहिल्यांदाच बघणाऱ्याने ‘हे ताकासारखं काय आणलं बाप्पा?’ असं विचारावं, अशीच ती दिसते. ग्लास नाकाशी नेला की मात्र पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. अकोट तालुक्यात केळीच्या बागा आहेत, तेव्हा तो वास इथल्या माणसाला लगेच ओळखू येतो. पण या बिअरमध्ये ना केळं असतं ना लवंग. गव्हाचं आणि सातूचं मॉल्ट आंबताना तिचं खास यीस्टच हे वास तयार करतं. ती गाळत नाहीत, म्हणून गढूळ राहते.

मुंबईला जरा उशीर झाला. ग्रेग क्रॉइट्श या अमेरिकन माणसाने लोअर परळमध्ये ‘द बार्किंग डिअर’ काढलं, तेव्हा २०१३ साल उजाडलं होतं. नवीन मित्तल यांच्या ‘गेटवे’ने डोंबिवलीत बिअर बनवून पिंपांतून शहरातल्या बारना पुरवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये पुण्यात मुंढव्याला ‘इंडिपेन्डन्स’ आली. पुढे नकुल भोसले यांच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम घातलेली खारट-आंबट बिअर केली. मगरपट्टा-हिंजवडीत नोकरीला लागलेली वऱ्हाडची पोरं तोवर या जागांचे पत्ते गावाकडच्या मित्रांना सांगू लागली होती.

ही बिअर अकोटला मात्र येत नाही. ती पाश्चराइझ केलेली नसते. टाकीपासून ग्लासापर्यंत थंड ठेवावी लागते आणि थोड्याच दिवसांत चव बदलते. त्यामुळे माणसालाच तिच्याकडे जावं लागतं. तो प्रवासही सोपा राहिला नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये अकोला-अकोट-खंडवा ही मीटरगेज बंद पडली आणि अकोल्यापर्यंत एसटी किंवा काळी-पिवळी एवढाच आधार उरला. ब्रॉडगेजवर अकोट-अकोला गाडी सुरू व्हायला २०२२ उजाडलं.

मधल्या काळात बाटलीनेही थोडी कूस बदलली. २०१५ मध्ये ‘बिरा ९१’ आली. सुरुवातीला ती बेल्जियममध्ये बनायची, पुढे इंदूर-नागपुरात बनू लागली, आणि गव्हाच्या बिअरची तोंडओळख लहान गावांनाही झाली. २०१८ मध्ये पुण्यात ‘मूनशाइन’ने मधापासून केलेली मीड बाटलीत भरली.

२०२० च्या टाळेबंदीने मायक्रोब्रुअऱ्यांची नेमकी दुखती नस पकडली. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक घरी, आणि माल टिकणारा नाही. कित्येकांना ती बिअर ओतून द्यावी लागली. त्याच वर्षी सरकारने ताजी बिअर बाटलीतून घरी न्यायची परवानगी दिली.

आज पुण्यात उतरणाऱ्याने आधी एकच गोष्ट विचारावी: या आठवड्यात कोणती टाकी नवी लागली? बहुतेक ठिकाणी चवीपुरते छोटे ग्लास मिळतात. त्यांतून एक निवडून मग मोठा मागवावा. आणि तिकीट काढण्याआधी कॅलेंडर पाहावं. गणपतीची विसर्जन मिरवणूक आणि ताजी बिअर, दोन्ही एकाच फेरीत उरकायचा बेत आखून निघालेल्यांना अनंत चतुर्दशीला पुण्यात सगळे नळ बंद मिळतात. त्या दिवशी तिथे ड्राय डे असतो.