मराठी फुटत नाही, आपण फोडतो

“सर, कॅनव्हाची फाइल आणू नका. मराठी फुटतं त्याच्यात.”

श्रावण तोंडावर आला की खुलताबादकडच्या फ्लेक्सच्या दुकानांत हे वाक्य हमखास कानावर पडतं. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून माणसांची रीघ लागते. पंचवीसेक किलोमीटर चालून ही माणसं शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पोचतात. वाटेवर चहा-फराळ वाटणारी मंडळं असतात. प्रत्येक मंडळाचा फ्लेक्स असतो आणि तो मोबाइलवर, कॅनव्हासारख्या ऑनलाइन डिझाइन टूलमध्ये तयार करणारा मंडळातला एखादा पोरगा असतो. मराठी फुटतं हे त्याला दुकानदार सांगतो, डीटीपीवाला सांगतो, त्यांचं ऐकून मंडळाचा अध्यक्षही सांगतो. परवा एका मास्तरांनी हेच सांगितलं, तेव्हा मात्र राहवेना.

गेल्या श्रावणात असाच एक फ्लेक्स माझ्यासमोर फुटला. ‘श्रावणी शनिवार’चा ‘श्‌रावणी शनविार’ झाला होता आणि ‘भद्रा’चा ‘भद्‌रा’. सगळ्यांनी एकमुखाने ऑनलाइन टूलला शिव्या घातल्या. मी पोराचा मोबाइल मागून घेतला. त्यावर तेच डिझाइन होतं आणि एकही अक्षर हललेलं नव्हतं. मग फुटलं कुठे? दुकानातल्या कॉम्प्युटरवर. शुभेच्छुकांचा मोबाइल नंबर बदलायचा होता, म्हणून ऑपरेटरने पीडीएफ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. त्या मशीनवर पोराने वापरलेला फॉन्ट नव्हता आणि त्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. नंबर बदलला, मराठी मोडलं, नाव मात्र कॅनव्हाचं झालं.

हे नीट समजून घ्यायचं तर ‘भद्रा’ हा शब्द कॉम्प्युटर कसा साठवतो ते पाहावं लागतं. पडद्यावर आपल्याला दोन अक्षरं दिसतात. आत मात्र पाच संकेतांक असतात: भ, द, हलन्ताची खूण, र आणि काना. ‘द्र’ नावाचं अक्षर आत कुठेच नसतं. खिळ्यांच्या छापखान्यांत कंपोझिटर केसमधून ‘द्र’चा तयार खिळा उचलायचा. आज ते काम सॉफ्टवेअरचा एक भाग करतो. द, हलन्त आणि र पाठोपाठ आले की तो फॉन्टमध्ये असलेला ‘द्र’चा आकार काढून तिथे बसवतो. ‘शनिवार’मधली पहिली वेलांटी आपण न नंतर टाइप करतो, पण ती दिसायला हवी न च्या आधी. ही उलटापालटही तोच करतो. हा कंपोझिटर गैरहजर असला की वेलांटी जागच्या जागी राहते आणि ‘शनविार’ होतो.

आता तुमच्या मोबाइलमध्ये आणि ब्राउझरमध्ये हा कंपोझिटर आहे का? आहे, आणि चांगला तयारीचा आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड ज्याच्याकडून अक्षरं जुळवून घेतात, त्या मुक्त सॉफ्टवेअरचं नाव हार्फबझ. हे नाव फारसीतून आलंय. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. ज्या खुलताबादच्या नावातच ‘खुल्द’, म्हणजे स्वर्ग, आहे त्या गावाला हे नाव परकं वाटू नये. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डिझाइन टूलच्या हाताशी हा कंपोझिटर आयता असतो. उलट दुकानातल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं तीच जुनी आवृत्ती चाललेली असते. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची आहे. ॲडोबीच्या इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या सीएस-६ पासून. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर मराठी फुटण्याचीच शक्यता जास्त. पण तो दोष २०१३ साली जन्मलेल्या कॅनव्हाच्या माथी का मारायचा?

दुसरं कारण जुन्या फॉन्टचं. डीटीपीवाले वर्षानुवर्षं ज्या श्रीलिपी, शिवाजीसारख्या फॉन्टात काम करत आले, त्यांत मराठी अक्षर आत मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांच्या संकेतांकांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. त्या फॉन्टांनी त्या काळी मराठी छपाई तगवली, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण तो मजकूर उचलून ऑनलाइन टूलमध्ये चिकटवला की मुखवटा गळतो आणि खालची रोमन चिन्हं उघडी पडतात. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्वतःचं घर आहे. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोड आहे. जुनं मॅटर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच चिकटवा. बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात.

तिसरं कारण अगदी साधं आहे: निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीच नसते. टूलच्या यादीतले बहुतेक देखणे फॉन्ट फक्त रोमनचे असतात. मग चौकोन दिसतात, नाहीतर टूल गुपचूप दुसराच फॉन्ट लावून मोकळं होतं. ‘ॲ’ हे अक्षरही इथेच अडतं. त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत ‘ॲड.’च्या जागी चौकोन उमटतो आणि शुभेच्छुक वकीलसाहेब रागावतात. यावर “मराठीत चांगले फॉन्टच नाहीत” म्हणणाऱ्यांनी एकदा यादी खाली सरकवून पाहावी. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू आहेत, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स आहेत, मुंबईच्या लोकलस्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन आहे. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याने मिळतात आणि छपाईलाही बिनदिक्कत चालतात. टिरो देवनागरी या फॉन्टची तर खास मराठी आवृत्ती आहे, कारण आपले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात. राज्य सरकारने २०२२ च्या शासननिर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायला सांगितलंय, तोच हा फरक.

चौथ्या कारणात मात्र टूलचीही चूक आहे आणि ती कबूल करायला हवी. टेम्प्लेट रोमन अक्षरांसाठी बनवलेली असतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरं ऐसपैस ठेवायची पद्धत आहे. त्याच मथळ्यात मराठी लिहिलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर रोमनच्या मापाचं असतं, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. शब्द कमानीसारखा वळवणाऱ्या किंवा अक्षर-अक्षर नाचवणाऱ्या नव्या सोयी मजकूर सुटा करून मांडतात. तिथे रेषा तुटली तर तक्रार रास्त आहे. उपाय एका मिनिटाचा आहे: अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा, ओळींमधलं वाढवा, मराठीला कमान करू नका. भद्रा मारुतीचं नाव सरळ रेषेतही शोभतं.

आता याच्या बरोबर उलट टोकाचा गैरसमज. तो नवा आहे आणि जुन्याहून घातक आहे: “एआयला सांगितलं की तो मराठीसकट अख्खं पोस्टर करून देतो.” कॅनव्हाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅजिक स्टुडिओ आणला, ॲडोबीने त्याच वर्षी फायरफ्लाय. आता जवळपास प्रत्येक टूलमध्ये ‘लिहा आणि चित्र मिळवा’ची खिडकी असते. ही सोय अक्षरं लिहीत नाही, अक्षरांसारखं दिसणारं चित्र काढते. तिथे ना पाच संकेतांक, ना कंपोझिटर. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत नवी चित्रनिर्मिती आली, तेव्हापासून चित्रातली अक्षरं पुष्कळ सुधारली हे खरं. पण इंग्रजीतली सफाई मराठीत आहे असं समजू नका. जोडाक्षर आलं की हात चाचपडू शकतो.

मी स्वतः करून पाहिलं. एका टूलला सांगितलं, खुलताबादच्या भद्रा मारुतीचं पोस्टर कर. नावात ‘भद्ररा’ आलं, ते एक असो. मारुतीने मात्र हातात पर्वत धरून उड्डाण केलं होतं! पंचक्रोशीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे की इथला मारुती निद्रिस्त आहे, आडवा पहुडलेला आहे. सगळा महिमाच त्या आडव्या मूर्तीचा. यंत्राने पाहिलेल्या लाखो चित्रांतले मारुती उभे किंवा उडणारे, म्हणून त्याने सरासरीचा मारुती दिला. खुलताबादचा मारुती सरासरीत बसत नाही. तेव्हा मागचं चित्र, ढग, कमळ, तोरण एआयकडून खुशाल घ्या. मूर्तीचा खरा फोटो लावा आणि नाव स्वतः टाइप करा.

आणखी एक गोष्ट टूलच्या नावावर खपवली जाते. चौकाचौकांत ‘भावपूर्ण श्रध्दांजली’ लागलेली असते. ती टूलने केलेली चूक नसते. द ला ध जोडायचा, ‘द्ध’; आपण ध ला द जोडतो. तसंच ‘आचार्यांचा भंडारा’ आणि ‘आचाऱ्यांचा भंडारा’ यांत गुरुजी कोण आणि स्वयंपाकी कोण हे यंत्राला कळत नाही. तुम्ही जे टाइप कराल ते यंत्र इमानदारीने छापतं. भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले, आता द्ध तेवढा नीट लिहू.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू.

“फ्लेक्सला ३०० डीपीआय लागतंच.” पत्रिकेला लागतं. दहा बाय आठ फुटांच्या फ्लेक्सला तो हिशेब लावला तर ३६,००० गुणिले २८,८००, म्हणजे शंभर कोटींहून जास्त ठिपके होतात. रस्त्यावरून पाहायच्या फ्लेक्सला ७२ ते १०० पुरतं.

“पडद्यावर दिसतो तोच रंग छापला जातो.” पडदा प्रकाशाने रंगतो, कागद शाईने. मारुतीचा लखलखता शेंदरी छपाईत थोडा मळतोच. आधी हातभर तुकडा छापून बघा.

“एआयने जुना फोटो स्वच्छ केला.” फोटोत नसलेले बारकावे तो अंदाजाने भरतो. आजोबांच्या धूसर फोटोतून आलेला चकचकीत चेहरा आजोबांचाच असेल याची हमी नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसाला दाखवूनच छापा.

“बॅकग्राउंड एका बटणात निघते.” निघते, आणि तिच्याबरोबर फेट्याचा तुराही निघतो. कडा मोठ्या करून तपासा.

“टेम्प्लेटमधून केलेला लोगो माझा झाला.” कॅनव्हाच्या अटी वाचा. टेम्प्लेट किंवा साठ्यातली चित्रं वापरलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कारण तेच चित्र शेजारच्या दुकानदारालाही वापरता येतं. साध्या आकृत्या, रेषा आणि फॉन्ट एवढेच त्याला अपवाद.

“व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे फाइल पोचली.” फोटो म्हणून पाठवलं तर पिचकून पोचते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

“आता डिझायनरची गरज नाही.” हे म्हणणाऱ्यांचे फ्लेक्स मी पाहिलेत. एकाच चौकटीत सोळा शुभेच्छुक, पाच फॉन्ट, आणि मारुती कोपऱ्यात.

दुकानदारांवर माझा राग नाही. श्रावणात त्यांच्याकडे रात्रंदिवस मशीन चालतं, दर पाच मिनिटांनी नवा पोरगा नवी फाइल घेऊन येतो, आणि फुटलेल्या फ्लेक्सचे पैसे बऱ्याचदा त्यांनाच सोसावे लागतात. म्हणून त्यांनी सगळ्या ऑनलाइन फाइलींना एकच पाटी लावून टाकली. पण त्या पाटीमुळे पोरगा घरी परत जातो, सोपा मार्ग म्हणून डिझाइनचा स्क्रीनशॉट काढतो, आणि धुरकट फ्लेक्स छापला जातो. मराठी वाचवायच्या नादात ते वाचता येईनासं होतं.

तेव्हा दोन्ही बाजूंना एक विनंती. पोरांनो, नंबर, तारीख, नावं घरीच पक्की करा. फाइल ‘पीडीएफ प्रिंट’मध्ये काढा, सपाट करायचा पर्याय असेल तर तो निवडा. सपाट केलेल्या फाइलमधलं अक्षर कुणाला हलवता येणार नाही. दुकानदारांनो, ती पीडीएफ उघडून आत हात घालू नका. बदल हवा असेल तर पोराला फोन लावा, तो दोन मिनिटांत नवी पाठवेल. आणि कुठलंही नवं टूल, नवा फॉन्ट, नवं मशीन हाताशी आलं की आधी एवढी एक ओळ त्यात टाइप करून बघा: ‘श्रावणी शनिवार, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, दऱ्याखोऱ्या, श्रद्धा, ॲड.’ ही ओळ धड उमटली तर तिथे मराठी फुटत नाही. त्यानंतरही फ्लेक्सवर काही फुटलेलं दिसलं, तर ते छापण्याआधी कुणी वाचलेलं नाही एवढंच समजा.