काठी आधी चालवून पाहा

दृष्टिहीनांची पांढरी काठी जमिनीवरचा दगड, खड्डा, पायरी सांगते. पण वैनगंगेकाठच्या कारध्यासारख्या गावात रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीचा बाहेर आलेला भाग, छपराचा उतरता पत्रा, बाभळीची वाकलेली फांदी तिला सापडत नाही. हे अडथळे थेट कपाळाला लागतात. दिल्लीच्या आयआयटीत घडलेली, २०१४ साली बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ त्यासाठीच आहे. मुठीतलं यंत्र कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडतं. तीन मीटरवरच्या अडथळ्यावर आपटून तो साधारण १८ सहस्रांश सेकंदांत परततो. या वेळेवरून अंतर कळतं आणि मूठ थरथरते. अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते.

ही थरथर ओळखायला शिकावं लागतं. म्हणून काठी मिळाली की घडी घालून तशीच घरी नेऊ नका. प्रशिक्षकासोबत आधी ओळखीच्या गल्लीत चाला, मग वैनगंगेच्या पुलाकडच्या वर्दळीत. मधुमेहामुळे हाताची जाणीव कमी झालेल्यांना थरथर कळते का, हे तर घेण्याआधीच बघायला हवं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेत साधनाआधी तपासणी होते. चालून पाहण्याचा आग्रह तिथेच, अजिबात न संकोचता धरावा.