जोडशब्द की उपसर्ग?

रायपूरसारख्या शहरात मराठी मूल घरी मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेत इंग्रजी ऐकते. तिन्ही भाषांत उपयोगी पडणारी एक कसोटी त्याला अवश्य शिकवावी.

२००० साली राज्य झालेल्या 'छत्तीसगड'चे नाव फोडून पाहा. 'छत्तीस' आणि 'गड' हे दोन्ही शब्द स्वतंत्र. म्हणून हा समास. 'उपनगर' यातील 'उप' मात्र एकटा उभा राहत नाही. तो उपसर्ग होय.

इंग्रजीत 'पोस्टमास्तर' यातील 'पोस्ट' म्हणजे टपाल. म्हणून तो जोडशब्द. 'पोस्टग्रॅज्युएट' यातील 'पोस्ट' हा 'नंतर' या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. पदवीनंतर शिकणाऱ्यास कोणी टपालाने शिकणारा समजू नये! तेव्हा केवळ रूप न पाहता अर्थही पाहावा.

या कसोटीलाही अपवाद आहेत. सिहावाजवळ उगम पावणाऱ्या महानदीच्या नावातील 'महा' मराठीत सहसा एकटा येत नाही. तरी तो 'महत्' या संस्कृत विशेषणाचे रूप असल्याने 'महानदी' हा कर्मधारय समासच ठरतो.

मुलाने अर्थ विचारला, की शब्दकोश उघडण्यापूर्वी त्यालाच शब्द फोडू द्यावा. पुष्कळदा अर्धा अर्थ तेथेच हाती लागतो.