एल्फिन्स्टनसाहेब आणि आपण

एल्फिन्स्टनचे नाव निघाले की आमच्या इतिहासाच्या तासाला दोन तट पडतात. एकाला तो पेशवाई बुडविणारा धूर्त इंग्रज वाटतो, तर दुसऱ्याला मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा जनक. मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा जन्म १७७९ चा. वयाच्या सोळाव्या वर्षी तो कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीबरोबर होता. १८११ पासून तो पुण्याचा रेसिडेंट होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा संगमावरील त्याची रेसिडेन्सी जाळण्यात आली आणि त्याचा ग्रंथसंग्रहही त्यात नष्ट झाला.

१८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात त्याच्याच धोरणानुसार संस्कृत पाठशाळा उघडली. तिला पैसा मिळाला तो पेशव्यांच्या दक्षिणेतून. ही दक्षिणा एकाएकी बंद केल्यास ब्रह्मवृंद बिथरेल, हे साहेब ओळखून होता. म्हणजे विद्येच्या प्रेमात राजकारणाचा हिशेबही होता! पुढे याच पाठशाळेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले.

१८२४ च्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणात मात्र एक गोष्ट मनाला लागते. खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम शिकतात, हे मिशनऱ्यांचे निरीक्षण तो नमूद करतो. परंतु शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वर पसरणारच नाही, म्हणून जपून राहा, असेही बजावतो. दार उघडले खरे, पण ते अर्धेच. ते सताड उघडण्याचे काम जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून त्याच पुण्यात, शेणमाती झेलून केले.

१८२७ मध्ये साहेब परतला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी जमवली. तिच्यातून त्याच्या नावाची विद्यासंस्था उभी राहिली. पुढे त्याने गव्हर्नर जनरलचे पद नाकारले आणि १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. १८५९ मध्ये तो वारला.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एल्फिन्स्टनचे ऋण मी नाकारीत नाही. परंतु त्याच्या हिशेबात मी नव्हतो, हेही विसरू शकत नाही. नमस्कार करायचाच झाला तर पहिला फुले दांपत्याला.