दहा टक्क्यांची मेहेरबानी

इंग्लंडच्या ईशान्येला, हल शहराला लागून, हंबर नदीच्या काठावर सॉल्टएंड नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिथे विवर्गो कंपनीचा कारखाना होता. आसपासच्या शेतकऱ्यांचा जनावरांच्या खाद्याच्या प्रतीचा गहू विकत घ्यायचा, त्यातून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल काढायचं आणि उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून विकायचा, असा त्याचा धंदा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीशेजारी वाढलेल्या आपल्याकडच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको. ८ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने व्यापार समझोता जाहीर केला. त्यात अमेरिकी इथेनॉलवरचं १९ टक्के आयात शुल्क १.४ अब्ज लिटरपर्यंत माफ झालं. ब्रिटनची इथेनॉलची गरजच जवळपास तेवढी. ऑगस्टमध्ये सरकारने मदत नाकारली आणि कारखाना बंद झाला. दीडशेच्या वर माणसांची नोकरी गेली.

त्याच ८ मे रोजी पंतप्रधान किअर स्टार्मर सोलिहलला, जग्वार लँड रोव्हरच्या कारखान्यात होते. मोटारींवरचं अमेरिकी शुल्क २७.५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं होतं. ही सवलत वर्षाला फक्त एक लाख गाड्यांना. ब्रिटनमधून अमेरिकेला जाणाऱ्या गाड्या साधारण तेवढ्याच, म्हणजे आहे ते टिकवा, वाढीचं नाव काढू नका. तरीही कामगारांचा जीव भांड्यात पडला. एप्रिलमध्ये कंपनीने अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं होतं. मुंबईत टाटांच्या कचेरीतही सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल, कारण कंपनी त्यांची. कुणाला वाचवायचं आणि कुणाला सोडायचं हे लंडनने ठरवलं, पण ठरवण्याची पाळी वॉशिंग्टनने आणली. सामान्य ब्रिटिश माणसाची चिडचिड या दोन्हींवर आहे.

ट्रम्प यांनी २ एप्रिल २०२५ला जगाला शुल्काची यादी वाचून दाखवली, तेव्हा त्यांचा युक्तिवाद असा होता की, जे देश अमेरिकेला जास्त विकतात आणि तिच्याकडून कमी घेतात ते तिला लुबाडतात. ब्रिटनच्या बाबतीत हा हिशेब मुळात बसतच नाही. अमेरिकेच्या आकडेवारीनुसार या व्यापारात शिल्लक अमेरिकेच्या बाजूने आहे. ब्रिटनच्या आकडेवारीनुसार ती ब्रिटनच्या बाजूने आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, जर्सी-गर्न्सीसारखी बेटं कुणाच्या खात्यात धरायची यावरही एकमत नाही, म्हणून हा चमत्कार. तूट नसतानाही ब्रिटनवर १० टक्के शुल्क लागलं, कारण तो सगळ्यांसाठीचा तळाचा दर होता. दोन महायुद्धांतल्या मैत्रीचे दाखले देणाऱ्या ब्रिटनला जो दर मिळाला, तोच त्या दिवशी ब्राझीलला आणि सिंगापूरला मिळाला.

हे शुल्क ब्रिटन भरत नाही, माल मागवणारा अमेरिकी व्यापारी भरतो. मग तो एकतर गिऱ्हाइकाकडून वसूल करतो, नाहीतर ब्रिटिश पुरवठादाराला भाव पाडायला लावतो. फटका बसतो तो या दुसऱ्या वाटेने.

ब्रिटनने या प्रसंगात आवाज चढवला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये स्टार्मर यांनी व्हाइट हाउसमध्ये खिशातून राजे चार्ल्स यांचं निमंत्रणपत्र काढून ट्रम्प यांच्या हाती दिलं होतं. सप्टेंबरमध्ये विंडसरला शाही मेजवानी झाली. त्याच्या आठवडाभर आधी वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत पीटर मँडेलसन यांना लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनशी असलेल्या मैत्रीपायी काढून टाकावं लागलं होतं. तेव्हा मेजवानीत यजमानांची अवस्था काय असेल याची कल्पना करावी. या पाहुणचारातून काय हाती लागलं? पोलादावरचं शुल्क शून्य करण्याचा मे महिन्यातला वायदा त्याच सुमारास बासनात गेला. इतर देशांना ५० टक्के आणि ब्रिटनला २५, एवढ्यावर समाधान मानावं लागलं. पोलादात आणखी एक मेख आहे. अमेरिकेची अट अशी की, पोलाद ब्रिटनमध्येच वितळवलेलं आणि ओतलेलं हवं. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी टाटा स्टीलने ३० सप्टेंबर २०२४ला बंद केली. विजेची भट्टी उभी राहीपर्यंत तिथे बाहेरून आणलेल्या स्लॅब लाटल्या जातात. असा माल ब्रिटिश धरायचा की नाही, हा प्रश्न मग उभा राहतोच.

ब्रेक्झिटचा वाद इथे नव्याने पेटला. जुलै २०२५मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी ट्रम्प यांच्याशी १५ टक्क्यांवर तडजोड केली, तीही स्कॉटलंडमध्ये, टर्नबेरीच्या ट्रम्प यांच्याच गोल्फ मैदानावर. ब्रेक्झिटवाले म्हणाले, बघा, युरोपला पंधरा आणि आपल्याला दहा! फरक खराच होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण लँड रोव्हरची डिफेंडर ही सगळ्यात ब्रिटिश वाटणारी गाडी बनते स्लोव्हाकियात, नित्राच्या कारखान्यात. तिला युरोपचाच दर लागतो. उद्योग सीमा ओलांडून केव्हाच पसरले, राजकारण मात्र अजून झेंड्यापाशी उभं आहे. पाच टक्क्यांच्या या फायद्यासमोर ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा, ओबीआरचा, अंदाज ठेवला तर बढाई फिकी पडते: युरोपीय संघ सोडल्यामुळे ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. ब्रिटनची ४० टक्क्यांहून जास्त निर्यात युरोपलाच जाते.

मग युरोपशी पुन्हा जुळवून घ्या, असं म्हणणं सोपं. मे २०२५मध्ये तसा प्रयत्न झालाही. अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करायच्या, त्याबदल्यात युरोपच्या मासेमारी नौकांना २०३८पर्यंत ब्रिटिश पाण्यात येऊ द्यायचं, असं ठरलं. मच्छीमार संघटना भडकल्या. खरी अडचण पुढे आहे. अन्नाच्या बाबतीत युरोपचे नियम पाळायचे तर क्लोरीनने धुतलेली अमेरिकी कोंबडी आणि हार्मोन दिलेलं गोमांस आत घेता येत नाही. आणि अमेरिकेला नेमकं तेच विकायचं आहे. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची सोय नाही. डिसेंबर २०२५मध्ये अमेरिकेने तंत्रज्ञान सहकार्याचा करार थांबवून धरला, तेव्हा कारणांत हे अन्नाचे नियम होते आणि बड्या डिजिटल कंपन्यांवरचा ब्रिटनचा २ टक्के करही होता.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो औषधांचा सौदा, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. १ डिसेंबर २०२५ला ठरलं की, ब्रिटिश औषधांवर अमेरिका किमान तीन वर्षं शुल्क लावणार नाही. बदल्यात ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, एनएचएस, नव्या औषधांसाठी २५ टक्के जास्त भाव मोजणार. निरोगी आयुष्याचं एक वर्ष मिळवून देणाऱ्या औषधावर किती खर्च करायचा याची तिथे मर्यादा असते. ती २० ते ३० हजार पौंडांवरून २५ ते ३५ हजारांवर गेली. शुल्क टळलं ते औषध कंपन्यांचं, आणि वाढीव बिल गेलं करदात्याकडे. काही रुग्णांना नवी औषधं लवकर मिळतील हे खरं, पण इस्पितळाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हा विजय म्हणून विकणं कठीण आहे.

स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला २०२४मध्ये प्रचंड बहुमत मिळालं, पण मतं जेमतेम ३४ टक्के होती. वर्षभराच्या आतच, १ मे २०२५ला, रनकॉर्न अँड हेल्सबीच्या पोटनिवडणुकीत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने मजूर पक्षाची हक्काची जागा सहा मतांनी हिसकावली. याला एकटं टॅरिफ कारण नाही. महागाई आहे, स्थलांतर आहे, करवाढ आहे. पण युरोपमध्ये होतो तेव्हा ब्रुसेल्स ठरवायचं, बाहेर पडलो तर वॉशिंग्टन ठरवतंय, मग मत कशाला देतो आहोत, ही भावना डाव्या-उजव्या दोन्हींकडे सारखीच आहे. १७ जानेवारी २०२६ला ट्रम्प यांनी ग्रीनलँडपायी ब्रिटनसह आठ युरोपीय देशांवर आणखी १० टक्के लावण्याची धमकी दिली आणि चार दिवसांत मागेही घेतली. अशा हवेत कोणता कारखानदार पाच वर्षांची गुंतवणूक ठरवील?

खुद्द ब्रिटनमध्येही शुल्काने सरकारं पाडली आहेत. परदेशी धान्यावरचे कायदे १८४६मध्ये रद्द करताना पंतप्रधान रॉबर्ट पील यांचा पक्ष फुटला. १९०३मध्ये बर्मिंगहॅमच्या जोसेफ चेंबरलेन यांनी साम्राज्याभोवती शुल्काची भिंत घालायची हाक दिली, पाव महागेल या भीतीने मतदारांनी १९०६मध्ये त्यांच्या आघाडीला धूळ चारली. शेवटी १९३२मध्ये त्यांचे चिरंजीव नेव्हिल यांनी सर्वसाधारण आयात शुल्क आणलं. दर होता १० टक्के. आणि मुक्त व्यापाराचा हा देश जोरात होता तेव्हा हिंदुस्थानात काय करत होता, तेही आठवायला हवं. लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको म्हणून १८९६मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. तो जायला १९२६ उजाडावं लागलं. त्यामुळे ब्रिटनच्या आजच्या तक्रारीने आपला गळा दाटून यायचं कारण नाही.

उलट या घालमेलीतच भारताचं काम झालं. पंतप्रधान असताना बोरिस जॉन्सन यांनी २०२२च्या दिवाळीपर्यंत भारताशी व्यापार करार करण्याचं आश्वासन दिलं होतं. स्वाक्षऱ्या झाल्या २४ जुलै २०२५ला. स्कॉचवरचं आपलं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, आपल्या ९९ टक्के मालाला ब्रिटनमध्ये शुल्क लागणार नाही. ऑक्टोबरमध्ये स्टार्मर सव्वाशे जणांचा ताफा घेऊन मुंबईत आले ते याच भांडवलावर. ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या अंदाजाने या करारातून त्यांना वर्षाला ४.८ अब्ज पौंड मिळतील, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्का. अंदाजच धरायचे तर ब्रेक्झिटच्या चार टक्क्यांचं भगदाड यातून बुजत नाही.

कोल्हापूर-पुण्याच्या कारखानदारांनी या करारात एक गोष्ट मात्र नीट पाहून ठेवावी. १ जानेवारी २०२७पासून ब्रिटन आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खतांवर कार्बन कर लावणार आहे, आणि करारात भारताला त्यातून सूट मिळालेली नाही.