परदेशी वीज आणि आपला मिक्सर

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईच्या बॅगेत काय काय असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. डिंक, अळीव, मेतकूट, भाजणी आणि साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेला मिक्सर! २०१८ साली माझी आई धाकटीकडे न्यू जर्सीला गेली, तेव्हा तिनंही तो नेला. कुणीतरी सांगितलं होतं, "अडॅप्टर घ्या की झालं." घेतला. तिथं बटण दाबलं, तर मिक्सर आजाऱ्यासारखा कण्हत फिरू लागला. उडदाची डाळ काही वाटली जाईना. आईला वाटलं, प्रवासात आदळून बिघडला.

मिक्सर चांगलाच होता. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०. अडॅप्टर नुसता पिनांचा आकार जुळवून देतो, व्होल्ट बदलत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

याच्या उलट प्रकार फार वाईट. तो माझ्याच घरी घडला. नणंदेनं तिकडून येताना माझ्या लेकीसाठी हौसेनं हेअर ड्रायर आणला. पोर न्हाऊन आली होती. मीच प्लग लावून दिला. क्षणात आतली तार लालभडक, जळका वास, ठिणगी! मी झडप घालून बटण बंद केलं. केसांची टोकं होरपळली, एवढ्यावरच निभावलं. नंतर किती वेळ माझे हात थरथरत होते, विचारू नका. आणि मी शाळेत गणित शिकवते!

कारण हिशेब अगदी सोपा आहे. तापणाऱ्या वस्तूला व्होल्ट दुप्पट मिळाले, तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. निम्मे मिळाले तर पाव. आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत जेमतेम पावणेतीनशे वॅटची होते. तिनं रुमालसुद्धा धड होणार नाही.

तेव्हा वस्तू उलटी करा आणि खालची पट्टी वाचा. '१०० ते २४०' असं लिहिलेलं असेल, तर नुसता अडॅप्टर चालतो; मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर बहुधा असे असतात. एकच आकडा असेल आणि तो तिथल्या विजेशी जुळत नसेल, तर ट्रान्सफॉर्मर हवा. मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते, म्हणून ५०० वॅटच्या मिक्सरला १००० वॅटचा घ्यावा. तो चांगलाच जड असतो. हलके, स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, पण ते फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी; मिक्सरला लावू नका.

आणखी एक गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६०. ट्रान्सफॉर्मर हे बदलत नाही. तिकडचं विजेच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळ इथं तासाला दहा मिनिटं मागे पडतं! जपानात तर व्होल्ट १००, त्यातही टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०. इंग्लंड, दुबई, सिंगापूरला मात्र आपल्यासारखेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. तिथं चपट्या तीन पिनांचा अडॅप्टर पुरतो.

माझं विचाराल, तर इस्त्री, किटली, ड्रायर नेऊही नका, आणूही नका. आपल्या पद्धतीचे ११० व्होल्टचे मिक्सर अमेरिकेत मिळतात. धाकटीनं पुढच्याच आठवड्यात तसा मागवला आणि डिंकाचे लाडू झाले. आईनं मात्र आपला मिक्सर तिथं ठेवला नाही. परत साड्यांत गुंडाळून घरी आणला, आणि तो अजून डाळ वाटतोय.